पेचकसातली ठकठक

पेचकसाचं टोक इंजिनावर, मूठ कानाला. जुन्या गाड्यांची ही डॉक्टरकी साकोलीचा भैय्यालाल मिस्त्री जन्मभर करत आला होता. शकुनबाईंच्या जीपमध्ये त्याला संथ ठकठक ऐकू आली. ती कुठून येते ते सापडलं नाही, तर जीप भंगारात जाणार होती आणि मागोमाग मिस्त्रीची अब्रू.

त्यानं इंजिन बंद केलं. ठकठक चालूच. बॅटरी काढली, तरी चालूच.

गंमत म्हणून पेचकस शेजारच्या चिंचेला टेकवला. तिथंही तीच.

"भाऊ, तुमचा कानच बिघडला असन," शकुनबाई म्हणाल्या. "सोताच्या छातीले लावून पाहा."

त्यानं लावला. बराच वेळ ऐकलं.

"काय म्हणते?"

"इथं त काहीच वाजून नाही राहिलं, बाई."