अलोन आणि लोन्ली

"अलोन म्हणजे मन उदास होणं, लोन्ली म्हणजे नुसतं सोबत कुणी नसणं," लेकीने सांगितलं आणि लगेच फळा पुसून टाकला.

शिकवणीच्या मुली केव्हाच घरी गेल्या होत्या. शेवटच्या बाकावर आई तेवढी उरली होती. इंग्रजी शिकवण्यात लेकीचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. आज मात्र तिने जाणूनबुजून अर्थांची अदलाबदल केली होती.

परदेशात राहणाऱ्या धाकट्या भावाला आई कायमची तिकडे हवी होती. त्यासाठी आईला इंग्रजीची तोंडी परीक्षा द्यावी लागणार होती. जवळच्या दोन शब्दांतला फरक तिथे हमखास विचारत, आणि ही जोडी तर ठरलेलीच. वडील गेल्यापासून दोघी मायलेकीच एकमेकींना होत्या. आई गेली की घर खायला उठेल, हे लेकीला दिसत होतं. पण 'जाऊ नकोस' म्हणायला जीभ रेटेना. मग ही आडवाट.

"आता आपल्या घरातलं उदाहरण दे," ती म्हणाली. तिच्या शिकवणीचा तो नियमच होता. नुसती घोकंपट्टी चालत नसे.

आईने पुसलेल्या फळ्याकडे पाहिलं. "ते परीक्षेतच देईन."

रविवारी धाकट्याचा फोन आला. आईने आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. बराच वेळ बोलणं चाललं होतं. मधूनमधून आई 'पुन्हा सांग' म्हणत होती. निघायचे बेत चाललेत आणि आपल्याला पत्ताही नाही, असं वाटून लेकीचं मन आणखी घट्ट झालं.

परीक्षेला आई आत गेली ती लवकरच बाहेर आली.

"नापास," म्हणाली आणि पाणी मागितलं.

लेकीला हायसं वाटायला हवं होतं. पण एका दमात पेला रिकामा करणाऱ्या आईला पाहून तिला भडभडून आलं. आईला बाकावर बसवून ती तडक परीक्षकांच्या खोलीत शिरली.

"चूक माझी आहे. अलोन आणि लोन्ली मीच तिला उलटं शिकवलं. तिची परीक्षा पुन्हा घ्या."

परीक्षक गोंधळले. "तो फरक तर त्यांनी अचूक सांगितला. मुलाला फोनवर विचारून पक्का केला, म्हणाल्या. उदाहरणही दिलं. म्हणाल्या, मी गेले तर माझी मुलगी आधी अलोन होईल, मग लोन्ली. त्यानंतर मात्र एकाही प्रश्नाला त्यांनी तोंड उघडलं नाही."