फळ्यावरची सुकट

‘सुकट’ असं फळ्यावर लिहून निकेश वळला, तेव्हा हॉल आधीच हसायला लागला होता. पनवेलच्या विज्ञानकथाप्रेमींचा मेळावा, आणि विषय होता आपल्या टोळीतले खास शब्द आले कुठून. ‘बोल्टमोज्या’ नुकताच झाला होता. यानाचे बोल्ट मोजत बसणारा वाचक तो.

“सुकट म्हणजे जुनी, वाळलेली, वास मारणारी कथा,” निकेश म्हणाला. “जन्म, पुण्याचं संमेलन.”

तिसऱ्या रांगेत करंजाच्या कोळीवाड्यातला जीवन मान खाली घालून बसला होता. न्हावा शेव्याला क्रेन चालवतो, मिळेल ती विज्ञानकथा वाचतो. शब्द त्याचा. शेजारी त्याची थोरली बहीण किशोरी. भावाचा शब्द आज चारचौघांत येणार म्हणून ती हौसेनं आली होती. आणलेला खऱ्या सुकटीचा, सुक्या मासळीचा डबा आयोजकांनी वासामुळे दाराबाहेर, चपलांपाशी ठेवायला लावला. तेवढं तिनं गिळलं. हे कसं गिळायचं?

ती उभी राहिली. जीवननं हात धरून तिला खाली ओढलं. “बस गो, किशे. जाव दे.”

“नाय बसत. निकेश, आमचे घरी बसून दोनदा मागून खाल्लीस, तवा वास नाय आला?”

आता कोणी हसत नव्हतं.

“पावसाल्यात बोटी बंद होत्या आन् तुमाला वाचाला नवीन काय नव्हतं. तवा यानं पत्र्याच्या पेटीतून जुन्या गोष्टी काढल्या. बोलला, ही आपली सुकट, पावसाल्यासाठी ठेवलेली. घर उपाशी राहू नये म्हणून ठेवतात ती. वास मारते म्हणून टाकत नाय कोन.”

“ताई, शब्दांचे अर्थ बदलतात,” निकेश म्हणाला. परग्रहांवर तासभर बोलणाऱ्या माणसाला एवढंच सुचलं. त्यानं डस्टर उचललं.

“पुसू नको. त्याच्यापुढं नाव लिव. ज्यानं शब्द काढला त्याचं.”

निकेशनं खडू घेतला. ‘जीवन’ लिहिलं आणि तो अडला. इतकी वर्षं एका गटात, त्याच्या घरी जेवलेला माणूस. मागं वळून त्यानं जीवनला हळूच विचारलं, “आडनाव काय तुमचं?”

जीवन अजून बहिणीचा हात धरून तिला खाली ओढत होता. त्यानं तो हात सोडला.