तीनचाकीचा नंबर

भीमाशंकरला दोन धड पाय होते, अन् तेच त्याला जड झाले होते. दूध सोसायटीचा डायरेक्टर झाल्यापासून तर जमिनीला पाय लावणं म्हणजे जमिनीवर मेहेरबानी. बहिणीची हातानं फिरवायची तीनचाकी दारातून काढायची, मागं दुधाची किटली ठेवायची, अन् बसल्या बसल्या सोसायटीत. परवा तर पान खायलाही तिच्यातूनच गेला. कस्तुराबाईनं हटकलं, तर म्हणाला, "माय, गाडी घरचीच हाय की. गुलाब कुठं रोज गावाला निघाली?"

गाडी काही आभाळातून पडली नव्हती. पांगळ्या लेकीसाठी कस्तुराबाईनं पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, साहेबाचा बाप काढला होता. गावात पाण्याचा टँकर यायला लागला तेव्हा साऱ्या बायांशी भांडून तिनंच ठरवून घेतलं होतं, तीनचाकीला पयला नंबर. बायांनी ऐकलं. फकत दर टँकरला गाडीला एकदाच, एवढं त्यांनी बजावलं.

आज टँकर येऊन बराच वेळ झाल्यावर कस्तुराबाई पोचली, ती रांगेच्या शेपटाला. घरात घोटभर पाणी नव्हतं, अन् तिच्यापर्यंत टँकर पुरणार नव्हता. पण तिला घोर नव्हता. गुलाब येईल, पहिली भरून जाईल.

गुलाब आली. गाडी नव्हती. घागर पुढं ढकलायची, मग हातावर सरकायचं, असं करत ती तापल्या फुफाट्यातून टँकरच्या नळापर्यंत पोचली.

नळावर पाणी भरून देणाऱ्या जाईबाईनं घागर हातात घेतली नाही. कस्तुराबाईकडं बघत म्हणाली, "मावशी, तीनचाकीचं पाणी मघाच गेलं. भीमाशंकरदादा घिऊन गेले. आता हिला दिलं तर मागच्या बाया मला फाडून खातील. तुमीच सांगा, काय करू?"

नियम कस्तुराबाईचाच होता.

लिंबाखाली भीमाशंकर गाडीतच बसून चहा पीत होता. मागं दोन किटल्या पाण्यानं काठोकाठ.

"म्हशींला पायजे, माय," तो बसूनच म्हणाला. "पाण्याबिगर दूध कुठनं घालू सोसायटीला? अन् ह्या उन्हात चालत याचं म्हणजे पाय..."

कस्तुराबाई रांग सोडून त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. त्याच्या पायांकडं बघितलं. नव्या वहाणा होत्या, तळाला धूळसुद्धा नव्हती. मागं गुलाब रिकामी घागर घेऊन माघारी सरकायला लागली होती. घागर दगडाला लागून वाजत होती.

"भीमाशंकर," ती साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "हिचं पाय गेलं तवा म्या देवाला लई शिव्या घातल्या. आज माघारी घेते. त्यो परका हुता."