सगळ्यांना चालेल

गवंड्याने छिन्नी भिंतीवर टेकवली, हातोडा उचलला आणि मागे वळून विचारलं, "करू ना सुरू?"

प्रयोगशाळेतले चौघेही फरशीकडे बघत राहिले.

त्यांतली सगळ्यांत नवी मुलगी भिंतीपलीकडच्या वजनकाट्यावर काम करायची. काटा इतका नाजूक, की शेजारी कुणी शिंकलं तरी आकडा हलायचा. भिंत गेली की पंख्याचा वारा थेट त्याच्यावर येणार आणि चुकलेल्या वजनांचं खापर तिच्या डोक्यावर फुटणार. हे ती परवाच्या बैठकीतच सांगणार होती. पण साहेब म्हणाले, "भिंत काढून मोकळा हॉल करू या. काय म्हणता?" सगळे ज्यांना काका म्हणत ते जुने केमिस्ट म्हणाले, "मला चालेल." बाटल्या धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मलापण चालेल." मुलीची नोकरी अजून कायम व्हायची होती. एकटीने वाईटपणा कसा घ्यायचा? तिच्याही तोंडून तेच निघालं आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

हातोडा वर गेला.

"नको!" ती ओरडली आणि स्वतःच दचकली. "म्हणजे... माझा काटा आहे तिथे. वारा लागेल."

गवंड्याचा हातोडा हवेतच थांबला. गेली नोकरी, तिने मनाशी म्हटलं.

"बरं झालं बाई बोललीस," काकांनी सुस्कारा सोडला. "या भिंतीमागे साहेब दिसत नाहीत, तेवढीच काय ती शांतता." साहेब शेजारीच उभे आहेत, हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"मग परवा दातखीळ बसली होती का?" मावशी उखडल्या. "तुम्ही चालेल म्हणालात म्हणून मी म्हटलं! भिंत पडल्यावर मी घटकाभर पाय पसरून बसू कुठे?"

आता सगळे साहेबांकडे बघू लागले. साहेबांनी रुमालाने मान पुसली.

"अहो, माझी तर खुर्चीच तिला टेकलेली आहे. दुपारी डोळा लागतो तो तिच्याच जिवावर. पण म्हटलं, नव्या माणसांना खुपतेय, तर आपण कशाला आडवं यायचं?"

"कुणाला खुपतेय, सर?" मुलीने विचारलं.

"तुम्हालाच की! पहिल्या दिवशी आल्या आल्या तुम्हीच नाही का म्हणालात, 'ही भिंत इथे कशाला?'"

"सर," ती कशीबशी म्हणाली, "तो प्रश्न होता."