भावाकडची शेगडी

एकट्या राहणाऱ्या नानांनी कॉम्प्युटरवर गेम बनवायला घेतला आणि त्याचा नकाशा म्हणून आपलंच घर रचलं. भावाशी वाटणी झाल्यावर स्वयंपाकघरात मधोमध घातलेली भिंत उभारली, तिला लागून आपली शेगडी मांडली. भिंत ठोस करायचं बटण मात्र दाबायचं राहिलं.

त्यामुळे प्रिव्ह्यूत त्यांचा खेळाडू भिंतीतून थेट भावाकडे शिरला. तिथे नुसता काळोख! नाना मांडणार तरी काय? बारा वर्षांत तिकडे पाऊल टाकलं नव्हतं.

इतक्यात खऱ्या भिंतीपलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"अहो, गॅस बंद करा!" वहिनी ओरडली.

"केला गं." भावाचा आवाज अगदी नानांच्या खऱ्या शेगडीमागून आला.

नानांनी त्या काळोखात, भिंतीला लागूनच, दुसरी शेगडी ठेवली. म्हणजे बारा वर्षं चहा करताना दोघे भाऊ समोरासमोरच उभे होते.