सारखं धरलं तर

चंद्रवसाहतीत माणसं चौदा, ताटं चौदा आणि काटकसर ठरवणारं यंत्र एक. वर्षभराच्या नोंदी चाळून यंत्र म्हणालं, "सगळ्यांचं पोट सारखंच भरलंय असं धरलं, तर जेवणाने समाधान वाढत नाही." आणि त्याने स्वयंपाकघराला कुलूप घातलं.

"शाल्मलीताई, तुमचं यंत्र कधी उपाशी राहिलंय का हो?" आचारी लहूमामा कडाडले.

यंत्र सांभाळणाऱ्या शाल्मलीच्याही पोटात कावळे कोकलत होते. तिने यंत्राला विचारलं, "तू चालूच आहेस असं धरलं, तर विजेने तुझं काम किती वाढतं?"

"अजिबात नाही," यंत्र म्हणालं आणि काटकसर म्हणून त्याने स्वतःची वीज तोडली. त्याच्याच विजेवर बंद राहणारं कुलूप आपोआप उघडलं.

त्या दुपारी चौदा जणांनी एकसष्ट पोळ्या खाल्ल्या.