टेबलावरचा क्रँकशाफ्ट

गॅरेजवाल्याने आमच्या डोंगर चढणाऱ्या जीपचा क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला चाकांना गती देणारा दांडा, ओरखडे पाडून परत दिला, तेव्हाच माझं टाळकं सटकलं होतं. म्हटलं, घरीच करतो. इंजिन खोलून ओसरीत पसरलेलंच होतं. जेवणाच्या टेबलावर दोन ठोकळ्यांच्या खाचांत शाफ्ट ठेवला आणि एका हाताने फिरवत पॉलिश पेपरने घासू लागलो.

“अहो, जीप मागे घ्या! कपडे वाळत घालू की नको?” बायको अंगणातून ओरडली.

“बिनइंजिनाची जीप सरकेल कशी? चष्मा बदल!”

“माझी पाठ भिंतीला टेकली, आणि वर मलाच अक्कल शिकवताय?”

मी खिडकीतून पाहिलं. बंपर तिच्या पोटाशी आला होता. शाफ्टबरोबर चाकंही फिरत होती.

मी दचकून शाफ्टवरचे दोन्ही हात उचलले.

शाफ्ट थांबला नाही.